दोनाचे चार, चाराचे आठ

ठाण्याच्या नौपाड्यापासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत पसरलेल्या लोकवस्तीत ‘घरचा स्टुडिओ’ ही संज्ञा ज्या जागेला लावली जाते, ती जागा बहुधा आतली खोली असून तिच्यात लोखंडी कपाट, गाद्यांची चवड, इस्त्रीचे टेबल आणि कपडे वाळत घालण्यापुरती उरलेली व्यायामाची सायकल ही जुनी कुळे आधीपासून नांदत असतात. भिंतीवर काळ्या स्पंजाचे चार तुकडे चिकटवले गेले आणि ‘पंखा लावू नका’ असा पहिला हुकूम सुटला, की त्या क्षणापासून त्याच खोलीस ध्वनिमुद्रणालयाचा दर्जा प्राप्त होतो. अशा स्टुडिओचा मालक दिवसा मुंबईत कुठल्यातरी कचेरीत नोकरी करतो, संध्याकाळी गाडीत उभा राहून घरी परततो आणि रात्री जेवणानंतर ध्वनिमुद्रक होतो. या लेखात त्यास नुसते ‘गृहस्थ’ म्हटले आहे. नावाने शोधू गेल्यास प्रत्येक सोसायटीत निदान एक सापडेल.

गृहस्थाच्या संसारात माइक आणि संगणक यांच्या मधोमध ‘ऑडिओ इंटरफेस’ नावाची एक डबी असते. माइकमधून निघणारा विद्युत्संकेत काही सहस्रांश व्होल्टचा, म्हणजे संगणकाने दखलही घेऊ नये इतका दुबळा असतो. त्याला गरजेप्रमाणे हजारपटीपर्यंत बळ देणाऱ्या भागाला ‘प्रीअँप’ म्हणतात, आणि बळ मिळालेल्या संकेताचे आकड्यांत रूपांतर करून ते आकडे यूएसबीच्या तारेने संगणकाकडे धाडणे हे त्याच डबीचे दुसरे काम असते. डबीच्या दर्शनी बाजूस माइकची तार खुपसण्यासाठी जी गोल भोके असतात त्यांना ‘इनपुट’ म्हणतात, आणि नवशिक्यांसाठी बनवलेल्या डबीला अशी दोनच इनपुट असतात, कारण ती बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस, त्याचा गळा आणि त्याची गिटार एवढेच कुटुंब असते. भजनी मंडळ ही संस्था त्याने हिशेबात धरलेली नसते.

ही उणीव या भागात फार लवकर उघडी पडते. ठाण्याचे १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह यांच्या परिघात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वस्ती दाट असून, आगरी-कोळी हळदीच्या गाण्यांपासून सोसायटीच्या तळमजल्यावर एकादशीला बसणाऱ्या भजनापर्यंत इथला सगळा संगीतव्यवहार घोळक्याने चालतो. एकट्याने गाण्याची प्रथा न्हाणीघरापुरतीच उरली आहे. साधा अभंग घ्यावा तरी बुवांना एक माइक, पेटीला एक, तबल्याला दायाँ आणि बायाँ मिळून दोन, पखवाजाच्या दोन्ही तोंडांना दोन, टाळकऱ्यांना दोन आणि मागे बसून ध्रुवपद धरणाऱ्या काकूंना किमान दोन, असा हिशेब दहावर जातो. तबला आणि पखवाज यांपैकी एक पुरे होईल असे संगीताचे शास्त्र सांगेलही, पण दोन्ही वादक मंडळाचे संस्थापक-सदस्य असल्यामुळे मंडळाची घटना तसे म्हणू देत नाही.

वास्तविक काकूंना एकच माइक मधोमध ठेवून आणि टाळकऱ्यांना दाराजवळ बसवून हे काम निम्म्या साहित्यात होण्यासारखे असते. परंतु माइक हे केवळ ध्वनी पकडण्याचे साधन आहे ही समजूत पुस्तकी असून, प्रत्यक्षात तो मान आहे, आणि लग्नातल्या आहेराप्रमाणेच तो कोणाला मिळाला यापेक्षा कोणाला मिळाला नाही याची नोंद अधिक काळ राहते. “तुमचा आवाज मुळातच मोठा, तुम्हाला माइकची गरज काय?” हे वाक्य गृहस्थाने एका काकूंना उद्देशून उच्चारले असता, त्यानंतरच्या दोन एकादशांना प्रसादाची वाटी त्याच्या घरी आली नाही.

इतिहासाकडे पाहता ही अडचण तशी नवी आहे. ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे केली तेव्हा त्या कामात माइक वापरातच आलेला नव्हता. सगळे एका कर्ण्यापुढे उभे राहत, ज्याचा आवाज कमी हवा त्याला मागे सरकवत, आणि आवाजाचा समतोल बटणांऐवजी पायांनी साधला जाई. विजेवर चालणारे माइकचे ध्वनिमुद्रण १९२५ साली बाजारात आले. आठ आवाज आठ निरनिराळ्या पट्ट्यांवर साठवणारे यंत्र तर अँपेक्स कंपनीने लेस पॉल या अमेरिकी गिटारवादकाला १९५७ मध्ये बनवून दिले. गदिमा आणि सुधीर फडके यांचे ५६ गीतांचे गीतरामायण त्याच्या आधीच, १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, पुणे आकाशवाणीवरून प्रसारित होऊन घरोघरी पाठ झालेले होते. ही हकीकत गृहस्थाला ठाऊक असते, आल्यागेल्याला तो ती भारावून सांगतोही, आणि सांगून झाल्यावर पुन्हा मोबाइल उघडून आठ इनपुटांच्या डब्यांच्या किमती पाहू लागतो.

इनपुट वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दोन माइकांच्या तारा एकाच पिनेत एकत्र डाखून घेणे. हा मार्ग गल्लीतला वायरमन सुचवतो आणि दहा मिनिटांत करूनही देतो. त्यात दोन्ही माइक एकमेकांवर भार टाकून दोघांचाही आवाज खाली आणतात, एवढे सांगून पुढे जावे हे बरे.

दुसरा मार्ग अंकगणिताचा आहे. एका डबीला दोन भोके असतील तर तशाच दुसऱ्या डबीने चार होतील, हा सिद्धान्त कोणत्याही मराठी शाळेत शिकलेल्या माणसास बिनतोड वाटतो, आणि म्हणून गृहस्थ तीच डबी आणखी एक मागवतो. येथे ‘ड्रायव्हर’ ही संज्ञा समजून घेणे अगत्याचे आहे. ड्रायव्हर म्हणजे डबी आणि संगणक यांच्यातला दुभाष्या, आणि विंडोजवर संगीताच्या कामासाठी जो ‘असिओ’ पद्धतीचा दुभाष्या वापरला जातो तो साधारणपणे एका वेळी एकाच डबीशी बोलतो. दुसरी डबी दिवा लावून शेजारी बसून राहते. मॅक संगणकावर दोन डब्यांची मोट बांधून त्यांना एकच मानण्याची सोय असते हे कळल्यावर गृहस्थ मॅकच्या किमती पाहतो आणि त्यानंतर काही दिवस विंडोजविषयी आदराने बोलतो.

या टप्प्यावर कुटुंबात प्रथमच विषय निघतो.

“अहो, परवा हेच आलं होतं ना?”

“हे दुसरं. माइकची इनपुट वाढवतोय.”

“गाणारे वाढलेत का?”

“वाढतील.”

तिसरा मार्ग मिक्सरचा, आणि या मार्गाने गेलेल्यांची संख्या पाहता त्याचा तपशीलवार विचार करणे भाग आहे. अनेक माइकांचे आवाज एकत्र करून एकच मिश्रण बाहेर देणारे हे यंत्र मंगल कार्यालयात ‘साउंडवाल्या’च्या टेबलावर सर्वांनी पाहिलेले असते, त्यावर बटणांची जत्रा असते, आणि मुख्य म्हणजे खोक्यावर ‘१२ चॅनेल’ व ‘यूएसबी’ हे दोन्ही शब्द ठळक छापलेले असतात. गृहस्थ शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातो, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या त्या रस्त्याला, ज्याचे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे अधिकृत नाव पाकिटावरच्या पत्त्यातच काय ते आढळते. तेथे तो मिक्सर घेतो, दादरला खोके डोक्यावर धरून पूल ओलांडतो आणि कल्याण गाडीच्या मालडब्यात पाट्या-टोपल्यांच्या राशीवर स्वतःला व खोक्याला कसेबसे टेकवतो.

“भाऊ, काय आहे त्यात?” टोपलीवाल्या मावशी विचारतात.

“मिक्सर आहे, मावशी.”

“एवढा मोठा? ओलं वाटण चांगलं होतं का?”

या प्रश्नाला गृहस्थ तुच्छतेने हसतो, ते त्याचे त्या आठवड्यातले शेवटचे हसू ठरते. घरी येऊन बारा तारा बारा भोकांत खोचल्यावर संगणकाच्या पडद्यावर बारा पट्ट्या उमटण्याऐवजी डावी आणि उजवी अशा दोनच उमटतात, कारण या जातीचे स्वस्त मिक्सर आत कितीही माइक घेत असले तरी यूएसबीच्या तारेने त्यांचे तयार मिश्रणच बाहेर पाठवतात, आणि एकदा मिसळलेल्या आवाजांतून एकटा पखवाज कमी करायचा तर पखवाजवाल्यांच्या घरी जाऊन तसे सांगण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही. दुकानदाराशी दूरध्वनीवर झालेले संभाषण थोडक्यात पुढीलप्रमाणे होते.

“साहेब, बाराच्या बारा जातात की आत.”

“पण बाहेर दोनच येतायत.”

“ते बाहेरचं तुम्ही विचारलं नव्हतं.”

मावशींच्या मापाने पाहिले असता यंत्र निर्दोष होते. वाटण उत्तम झाले होते.

चौथा मार्ग खरा आहे आणि त्यामुळेच त्यात सर्वाधिक मनस्ताप आहे. अलेसिस या अमेरिकी कंपनीने १९९१ साली ‘अडॅट’ नावाचे यंत्र जाहीर केले, ज्यात व्हिडिओच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ निरनिराळे आवाज आकड्यांच्या रूपात साठवले जात. ते यंत्र पुढे भंगारात गेले, परंतु दोन यंत्रांमध्ये आठ आवाज एकाच प्रकाशवाहक तारेतून नेण्याची त्याची रीत मागे उरली आणि आजही अनेक इंटरफेसच्या पाठीवर ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेली, झाकण असलेली एक चौकोनी खिडकी त्या रीतीसाठी ठेवलेली असते. या खिडकीला आठ प्रीअँपचा दुसरा डबा जोडला, की आधीची दोन आणि नवी आठ मिळून दहा इनपुट होतात. अर्थात गृहस्थाच्या डबीला ही खिडकी नसते, त्यामुळे प्रथम डबीच बदलावी लागते; आणि खिडकीवाल्या डबीच्या खोक्यावर जो अठरा-वीसचा आकडा छापलेला असतो, त्यात या खिडकीतून पुढेमागे येऊ शकणारे पाहुणेही आधीच मोजलेले असतात, हे बारीक अक्षरांत दिलेले असते.

तार खिडकीत बसवण्यापूर्वी तिच्या टोकाशी तांबडा उजेड दिसतो, आणि तो पाहण्यासाठी घरातील सर्वजण जमतात.

“यातून आवाज जातो?” गृहस्थाच्या आई विचारतात.

“आवाज नाही, आई. उजेड जातो. उजेडातून आवाज.”

“म्हणजे दिवे गेले की भजन बंद.”

“हो.”

“आमच्या वेळी दिवे गेले की भजन सुरू व्हायचं.”

याच डब्यावर ‘४८ व्ही’ असे लिहिलेले एक बटण असते. काही माइकांना काम करण्यासाठी स्वतःची वीज लागते आणि ती आवाजाच्याच तारेतून उलट दिशेने ४८ व्होल्टच्या दाबाने पाठवण्याच्या पद्धतीस ‘फँटम पॉवर’ म्हणतात. हा ४८ चा आकडा कोणा ऋषितुल्य शास्त्रज्ञाने ध्यान लावून काढलेला नसून, १९६६ साली नॉयमन या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी माइक बनवले तेव्हा तिथल्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती, म्हणून तीच माइकांना दिली गेली, इतकेच. जगभरचे गायक अशा रीतीने नॉर्वेच्या आणीबाणीच्या दिव्यांवर गात आहेत. आईंना हे सांगितल्यावर त्यांनी इन्व्हर्टरची बॅटरी कधी बदलणार एवढेच विचारले.

मनस्तापाचा पहिला हप्ता दर्जाच्या हव्यासातून येतो. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करताना दर सेकंदाला त्याचे जितक्या वेळा माप घेतले जाते त्याला ‘सँपल रेट’ म्हणतात; ४८ हजार मापांवर ती प्रकाशवाहक तार आठ आवाज नेते, आणि माप ९६ हजारांवर नेले की तेवढ्याच वाटेतून निम्मेच, म्हणजे चार आवाज जातात. आता ४८ आणि ९६ असे दोन पर्याय समोर असताना ४८ निवडणारा गृहस्थ या पट्ट्यात अद्याप जन्माला यायचा आहे. चार माइक मुके झाल्यावर तो तार पुसतो, उलटी लावतो, फुंकर मारतो, आणि अखेर मध्यरात्री कल्याणच्या जाणकार मित्राला उठवतो.

“अट्ठेचाळीसवर आण.”

“पण दर्जा निम्मा होईल ना?”

“दर्जाचं राहू दे. बुवा कितव्या चॅनेलवर आहेत?”

“सहाव्या.”

“मग अट्ठेचाळीसवर आण.”

दुसरा हप्ता घड्याळाचा. ही मापे मोजण्यासाठी प्रत्येक डब्यात एक स्वतंत्र घड्याळ असते आणि दोन डबे जोडल्यावर एकाने मालक व दुसऱ्याने ताबेदार व्हावे, म्हणजे एकाच्याच ठोक्यावर दोघांनी मोजावे, असा नियम आहे. तो न पाळल्यास दोन्ही घड्याळे सूक्ष्मशी मागेपुढे होत राहतात आणि ध्वनिमुद्रणात अधूनमधून ‘टक्’ असा आवाज उमटतो. या ‘टक्’चे कारण माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानांत असल्यामुळे शोध माणसांपासून सुरू झाला: प्रथम तबलजींच्या बोटातली पुष्कराजाची अंगठी उतरवली गेली, मग एका काकूंच्या बांगड्या, आणि शेवटी पखवाजवाल्यांच्या गुडघ्यांवर संशय घेण्यात आला. पखवाजवाल्यांनी दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

तिसरा हप्ता गुणगुणीचा, आणि तो सर्वांत संगीतमय आहे. निरनिराळ्या सॉकेटांवर जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमध्ये वळसा तयार झाला की विजेच्या प्रवाहाची सेकंदाला ५० कंपने आवाजात झिरपतात. स्वरसप्तकात ५० कंपनांची जागा पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध कुठेतरी पडते; त्यामुळे काळी एकमध्ये गाणाऱ्याला तो उतरलेला पंचम आणि पांढरी एकमध्ये गाणाऱ्याला चढलेला पंचम वाटतो, म्हणजे स्वर कोणताही धरा, वीज बेसूरच ठरते.

“तानपुरा उतरलाय,” बुवा डोळे न उघडता म्हणतात.

“तानपुरा बंद आहे, बुवा.”

“मग हे काय वाजतंय?”

“वीज.”

“तिला सांगा, आमची काळी एक आहे.”

सर्व यंत्रे एकाच बोर्डावर आणल्यावर ही तक्रार मिटते, आणि तो बोर्ड फ्रिजचा असल्यामुळे दुसरी उद्भवते.

इतके होऊनही इनपुट वाढवण्याविषयीचा गृहस्थाचा विश्वास तसूभरही कमी होत नाही, हे या अभ्यासातील सर्वांत विचार करण्याजोगे निरीक्षण आहे, कारण हा माणूस रोज मध्य रेल्वेने प्रवास करतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास आली. पुढे रुळांच्या जोड्या वाढत गेल्या, फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यान पाचवी आणि सहावी मार्गिकाही सुरू झाली, आणि तरी डोंबिवलीला सकाळी आठच्या सुमारास गाडीत शिरणाऱ्यास बसायला मिळाल्याची वार्ता कानी आलेली नाही. मार्गिकांबाबत त्याला जे कळते ते माइकबाबत कळत नाही, याचे कारण एवढेच दिसते की स्टुडिओत रेल्वे तो स्वतः असतो.

माइक वाढल्याने दुसरेही एक संकट वाढते. एकाच वेळी चालू असलेल्या माइकांची संख्या दुप्पट झाली, की खोलीतला फुकटचा आवाज, म्हणजे गोंगाट, सुमारे तीन डेसिबलने चढतो. एकाचे आठ झाले तर नऊ डेसिबलने. डेसिबल हे आवाजाच्या मोजमापाचे एकक असले तरी घरगुती हिशेबात ते कुकरच्या शिट्ट्यांत मोजणे सोपे जाते. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात, आणि दहा माइक दहा जागी असल्यामुळे स्वयंपाकघरातली एकच शिट्टी दहा निरनिराळ्या क्षणी दहा वेळा मुद्रित होते. एकत्र ऐकताना कुकरने मागे कोरस घेतला आहे असे वाटते. हीच गोष्ट कल्याणकडे निघालेल्या लांब पल्ल्याच्या गाडीच्या भोंग्याची, घंटागाडीच्या गाण्याची, बोअरवेलच्या पंपाची आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये संसार थाटलेल्या कबुतरांची. या सर्वांची वेळापत्रके जुळवून पाहता ध्वनिमुद्रणास योग्य असा एकच काळ उरतो, तो रात्री एक ते पहाटे चारचा. आणि त्या काळात सोसायटीच्या नियमांनुसार भजन करता येत नाही.

अंड्यांच्या रिकाम्या ट्रेनी भिंती झाकल्यास आवाज अडतो हा समज शास्त्रीयदृष्ट्या पोकळ आहे. कागदी लगदा ना बाहेरचा भोंगा थोपवू शकतो, ना आतला घुमारा नीट शोषू शकतो. तरीही, ज्या घराच्या उंबऱ्याआत तीन पिढ्यांत अंडे आले नव्हते त्या घरात ट्रेंची थप्पी आली आणि आईंनी ती गोमूत्र शिंपडून आत घेतली, यावरून छंदाची ताकद कळते. जाड गोधड्यांचा उपयोग याहून बरा होतो. परंतु गोधड्या भिंतीवर गेल्याने पाहुण्यांना पांघरायला काय द्यायचे हा प्रश्न निघाला, आणि त्यावर ‘पाहुण्यांना ट्रे द्या’ हे पत्नीचे उत्तर घरात बरेच गाजले.

आषाढी एकादशीच्या आधीच्या रविवारी मंडळ ध्वनिमुद्रणास आले. दहा माइक उभे होते, तारांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या होत्या, पंखा बंद होता, खिडक्या बंद होत्या आणि आतली हवा पखवाजाच्या शाईलाही सोसवेना अशी दमट होती. प्रत्येकाने आपापल्या माइकवर बोट आपटले, फुंकर मारली आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हटले. फुंकर माइकला बाधते हे सांगितल्यावर सर्वांनी ते पटवून घेतले आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा फुंकले. एवढ्यात लक्षात आले की मंडळी अकरा माइकांची आहेत. मंडळाचे खजिनदार, जे एरवी केवळ वर्गणीची वही घेऊन येत, ते या खेपेस स्वतःचे टाळ घेऊन आले होते, आणि तीन वर्षांचा हिशेब त्यांच्याकडेच असल्यामुळे त्यांना ‘दोघांत एक माइक घ्या’ असे म्हणण्याची प्राज्ञा बुवांनाही नव्हती.

“माझा कुठलाय?” खजिनदारांनी विचारले.

गृहस्थाने क्षणभर दहा भोकांकडे पाहिले, मग कपाटावरून गणेशोत्सवातला जुना माइक काढला, तो स्टँडवर लावून खजिनदारांच्या अगदी समोर, इतर सर्वांपेक्षा चार बोटे जवळ ठेवला आणि त्याच्या तारेचे दुसरे टोक सतरंजीखाली सारले. सतरंजीखाली काहीही नव्हते.

पुढील हकीकत जगातल्या सर्व स्टुडिओंत सारखीच असावी. प्रत्येक माइकला किती बळ द्यायचे ते ठरवण्यासाठी आधी सर्वांना गाऊन पाहायला सांगतात आणि त्या प्रमाणास ‘गेन’ म्हणतात; चाचणीत सर्वजण देवघरातल्यासारखे हळू गातात आणि खरे ध्वनिमुद्रण सुरू होताच पंढरपूरला ऐकू जाईल असे गातात, त्यामुळे पहिली खेप लाल दिव्यांत फाटून गेली. दुसरीत कुकर आला. तिसरीत खुद्द बुवांना खोकला आला आणि तो दहाही माइकांत अतिशय सुस्पष्ट उतरला. चौथी खेप मात्र अशी साधली की काकूंच्या डोळ्यांत पाणी तरळले, तबलजींनी स्वतःच्याच पाठीवर थाप मारण्याचा प्रयत्न केला, आणि मग कळले की संगणकात प्रत्येक पट्टी मुद्रणासाठी वेगळी ‘आर्म’ करावी लागते, म्हणजे तिच्यापुढचे तांबडे बटण दाबावे लागते, आणि या खेपेस ती बटणे दोनच दाबलेली होती. आजमितीस त्या अद्वितीय खेपेची पेटी आणि डग्गा एवढेच उपलब्ध आहेत. पाचवी खेप पत्नीने केलेल्या साबुदाण्याच्या वड्यांनंतर झाली, आणि सर्वांनी ती उत्तम झाल्याचे जाहीर केले, कारण सहावीस कोणी तयार नव्हते.

दहा पट्ट्यांचे एक गाणे करण्याच्या क्रियेस ‘मिक्सिंग’ म्हणतात, आणि तीत प्रत्येक आवाज वरखाली करण्यासाठी पडद्यावर एकेक सरकपट्टी, म्हणजे ‘फेडर’, असतो. हे काम एकान्तात करावे असा संकेत आहे. पण मंडळाचे सदस्य एकेकटे, निरनिराळ्या संध्याकाळी, हातात काहीतरी डबा घेऊन ‘सहज’ येऊ लागले. तबलजी चिवडा घेऊन आले आणि त्यांच्या मते तबला दबला होता. पखवाजवाले दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्या घेऊन आले, गुडघ्यांचा एक्स-रे स्वच्छ निघाल्याचे त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या मते तबला फारच पुढे आला होता. काकूंचे माइक दोघींत एक असल्यामुळे त्या दोघी-दोघी मिळून दोनदा आल्या. प्रत्येकाचा फेडर त्याच्या देखत थोडा वर गेला, आठवड्याभरात सगळेच फेडर माथ्याला टेकले, आणि एकमेकांच्या तुलनेत सर्वजण पुन्हा आधी होते तिथेच आले. फरक इतकाच, की आता लाल दिवा कायमचा लागून राहिला आणि गृहस्थाचे वजन वाढले.

सर्वांत शेवटी खजिनदार आले. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पडद्यावर ‘टाळ – खजिनदार’ अशी पट्टी पाहिली. ती गृहस्थाने आदल्या रात्रीच उघडून, नाव घालून, रिकामी ठेवली होती. अभंग संपेपर्यंत ते मान डोलावत राहिले.

“माझा टाळ अगदी स्वच्छ आलाय हो,” ते म्हणाले, “पण खरं सांगू? जरा जास्तच पुढे वाटतोय. बाकीच्यांना उगाच वाईट वाटायचं. थोडा कमी करा.”

गृहस्थाने रिकाम्या पट्टीचा फेडर दोन बोटे खाली ओढला आणि गाणे पुन्हा लावले. खजिनदारांनी डोळे मिटून दोन कडवी ऐकली.

“हं,” ते म्हणाले, “आता बरोबर.”